जुन्या नंबरवरचा ओटीपी

घरचं नेट चार दिवस बंद, म्हणून शेखर मोबाइल कंपनीच्या कॉलेज रोडवरच्या गॅलरीत तासभर ताटकळत होता. पुढच्या मावशी काउंटरवरून हलायला तयार नव्हत्या.

"मावशी, तुमच्या नंबरवर ओटीपी गेलाय, तो सांगा. मगच नवीन सिम मिळेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"अगं बाई, फोन एसटीत हरवला म्हणून तर आले ना मी."

"सिस्टीम पुढे जातच नाही त्याशिवाय."

"मग काय चोराला विचारू?"

"बघा विचारून."

शेखरने कपाळाला हात लावला. मग मावशींना नंबर विचारून आपल्याच फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, कोण?"

"तुझ्याकडं हाय तो फोन माझा हाय."

"बरं झालं मावशी, लावला. मला सीटखाली सापडला. लॉक हाय, माझ्याकडून कोणालाच लागंना. सकाळधरनं वाट बघतोय."

"लय उपकार झाले बाबा. त्यावर ओटीपी आलाय म्हणं, तेवढा वाच."

"हा, वरच दिसतोय. चार, सात, शून्य, शून्य, नऊ, दोन."

काउंटरवरच्या मुलीने आकडे दाबले.

"आता सांग, फोन घ्यायला कुठं येऊ?"

"कळवण स्टँडला उतरा. तिथून डाव्या हाताला..."

आवाज तुटला.

"हॅलो? आरं, डाव्या हाताला कुठं?"

"जुनं सिम बंद झालं, मावशी. हे घ्या नवीन. फोनमध्ये टाकलं की सुरू."

"कोणत्या फोनमध्ये, बाई?"