जावेले टिकट भेटलं तवा

माहेर माझं पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं, अन् दोन्हीकडं संत्रीच. लगन होऊन आली तवापासून मी बगिच्यात संत्री तोडाले जाते, आताबी जाते. वर्षा माही जाऊ, माह्यामागून आली या घरात, लेकरावानी होती, भाकर थापता येये ना, मीच शिकवलं सारं. मंग चुली दोन झाल्या पण आंगण एकच, अन् भाजीची वाटी इकडून तिकडं रोजच जाये.

आमी दोघीबी एकाच पार्टीच्या. नवरे झेंडे लावत, आमी बाया जमा करो. मंग आमचा वार्ड महिला सीट झाला, अन् एकाच आंगणातून दोघींनं पार्षदाचं, म्हंजे नगरसेवकाचं, टिकट मांगलं, पाहा आता! मले पायजे होतं टिकट, खोटं काऊन बोलू? कोणाचं रेशन अडलं, कोणाची पेंशन अडली, धावलं कोण? मीच. अन् भाषण त पुरं तयार होतं डोक्यात, संत्री तोडता तोडता मी एकटीच म्हणून पाहो, बाया म्हणत, हे बाई झाडासंगं बोलून रायली.

टिकट भेटलं वर्षाले. वरचे म्हणे, ती बारावी शिकली हाय. काय सांगू तुमाले, लय लागलं मनाले. मीबी कमी नाई, पार्टी सोडून निर्दलीय उभी रायली, उमेदवारीचा पर्चा भरून टाकला. मंग पार्टीचे मोठे लोक आले मनवाले, खुर्च्या पुरल्या नाईत, म्हणे काकू पर्चा वापस घ्या, पुढं तुमचा विचार करू. म्या म्हटलं, चहा प्या अन् निंगा. दोघींतली वाटीबी बंद झाली. आंगणात तोंडासमोर तोंड अन् बोलणं नाई, मले घास जाये ना, पण आपण होऊन बोलन कोण?

पर्चे वापस घ्याच्या आदल्या दिवशी दुपारी वर्षाच आली. मले वाटलं आता हेबी तेच म्हणते. तर म्हणे, बाई, तुमी खुशाल लढा, पण सांजच्याले विहाराजवळ माही सभा हाय अन् माह्या तोंडातून शब्द निंगत नाई, तुमचं ते झाडाजवळचं भाषण मले द्या ना. आता सांगा, ज्याच्यासंगं लढाई त्यालेच कोणी असं मांगते का? मले रागबी येऊन रायला अन् हासूबी येऊन रायलं. देल्लं मंग, दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून.

सभेत मी मांगं उभी. भाषणातल्या नालीच्या गोष्टीपर्यंत वर्षा बरी बोलली, अन् तिथंच अटकली, ओठ हालत पण आवाज नाई, लोक हासाले लागले. माह्यानं रायवलं नाई, मांगूनच वरडली, अवं नळाचं सांग, नळाचं! मंग मी सांगत गेली अन् ती माह्याकडं पाहून बोलत गेली, सारा वार्ड माना फिरवू फिरवू आमाले पाहे. दुसऱ्या दिवशी मी पर्चा वापस घेतला. कोणाच्या म्हणण्यानं नाई, माह्या मनानं.

निवडून आली पोट्टी. लोक तिले मॅडम म्हणतात, मी वर्षे म्हणते, अन् नाली तुंबली की पयले मीच तिच्यावर वरडते. लोक विचारतात, काकू, पुढच्या खेपेले काय? म्या म्हणते, मांगीन ना टिकट, कायले नाई मांगीन? तिच्यासमोरच म्हणते. ती म्हणते, बाई, मीबी मांगीन. मांग म्हटलं माय, सुखी राय, तुले भेटो की मले भेटो, येईन त आपल्याच आंगणात. पण खरं सांगू का तुमाले, मलेच भेटलं पायजे.