सार्जंट हचन्स यांनी पाहिलेले दोन हात

समारंभाच्या अध्यक्षा, महापौर श्रीमती पेल. व्यासपीठावरचे पोलीसप्रमुख आणि पाद्रीबाबा. आज निवृत्त होणारे आपले सार्जंट लोवेल हचन्स. आणि ओहायोच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या बंधुभगिनींनो,

पोलिसाच्या निरोपाला वर्ना टॉलिव्हर बोलते आहे, याचं तुम्हाला नवल वाटत असेल. मलाही वाटतंय!

अकरा वर्षांपूर्वी चर्चमधून परतताना पोलिसाने आमची गाडी अडवली. माझ्या नवऱ्याने, अर्लने, दोन्ही हात खिडकीबाहेर काढले आणि अदबीने सांगितलं, “साहेब, कमरेला पिस्तूल आहे. परवाना आहे.” तेव्हा कायदाच तसं सांगायला लावायचा. पण ‘पिस्तूल’ ऐकताच त्या पोलिसाने स्वतःचं उपसलं आणि अर्लला रस्त्यावर पालथं पाडलं. मी शेजारच्या सीटवर. हलले तर गोळी सुटेल, म्हणून श्वाससुद्धा बेतानेच घेत होते.

मागे दुसरी गाडी आधीच येऊन थांबली होती. तिच्यातून हचन्स धावत आले.

“बंदूक खाली घे!”

“सर, तो कमरेकडे हात नेत होता!”

“कधी? माझ्यासमोर दोन्ही हात बाहेर होते. मारायला निघालेला माणूस आधी वर्दी देतो होय रे?”

तरी खटला झालाच. पोलिसाला धमकावल्याचा! अर्लला तुरुंग समोर दिसत होता. हचन्स साक्षीला उभे राहिले. सरकारी वकिलाने विचारलं, “स्वतःच्याच माणसाविरुद्ध बोलताय?”

“मी जे पाहिलं ते बोलतोय.”

अर्ल निर्दोष सुटला. पण ठाण्यात पुढे कितीतरी दिवस सार्जंटांच्या टेबलाशी कुणी जेवायला बसेना. प्रमुखसाहेब, रागावू नका; तुम्ही तेव्हा इथे नव्हता! सार्जंट नोकरी सोडून गेले असते तर कोण नावं ठेवणार होतं? पण ते राहिले, भांडले आणि गाडी अडवताना कसं वागायचं, याचा नव्या पोलिसांसाठी वर्ग सुरू करवला. सरावाच्या गाडीत चालक म्हणून कुणाला बसवलं? आमच्या अर्लला! तो पोरांना खडसावतो, “आवाज खाली घे बाळा, मी बहिरा नाही.” ते पाहा, मागे हसताहेत.

गेल्या महिन्यात आमच्या लेकीला अडवलं. तिनेही पिस्तुलाचं सांगितलं. पोलीस म्हणाला, “सांगितलंत, बरं केलंत, ताई. ते तिथेच राहू द्या. पण गाडी जरा हळू चालवा.” तिचा चिडून फोन आला, “आई, मला दंड झाला!”

बंधुभगिनींनो, नुसता दंड! मी स्वयंपाकघरात नाचले.

सार्जंट, आमच्या घराचे आभार स्वीकारा. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने ते पोटात घालावं. आता सगळे उभे राहा, आणि टाळ्या अशा वाजवा की पार महामार्गापर्यंत ऐकू जातील!