यल्लाप्पा मिस्त्रींची हाळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक, बंगळूरहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या फाउंड्रीतल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि स्वतःबद्दल इतकं चांगलं ऐकलं की हा गृहस्थ कोण म्हणून मीच मागे वळून पाहिलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, बेळगावातल्या या कारखान्याला शिस्त लागली ती माझ्या प्रशिक्षण वर्गांमुळे. टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्यांतसुद्धा एक घंटा ऐकू येत होती. गेली नऊ वर्षं येते आहे.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल. १९७७ पर्यंत वाळू कालवायचं मोठं मशीन सुरू करण्याआधी यल्लाप्पा मिस्त्री हाळी घालायचे. एकेकाचं नाव घ्यायचं, आणि ज्यानं त्यानं आपली जागा सांगायची. "मष्णू!" "भट्टीपाशी हाय!" "भरमा!" "साच्याकडं!" एका नावाला जरी उत्तर आलं नाही तरी मिस्त्री बटणाला हात लावत नसत. मग कुणीतरी विडी विझवत धावत यायचा आणि यथेच्छ बोलणी खायचा.

मी नुकताच पुण्याहून पंधरा दिवसांचं शिबिर करून आलो होतो. गळ्यात स्टॉपवॉच. हाळीला दोन मिनिटं, तीही दिवसातून आठ वेळा! मला तो गावंढळपणा वाटला. मी वर्ग घेऊन नवी पद्धत शिकवली. एक घंटा, सगळ्यांचं मिळून "होय", की मशीन सुरू. मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, सगळी एकदम वरडली तर कोण कुठं हाय ते कळायचं कसं?" मी त्यांची थट्टा केली. वर्ग हसला. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, आता लाज वाटते.

दोन महिन्यांनी काही पाहुण्यांना मी ही पद्धत दाखवत होतो. शहापुरातला आण्णाप्पा, विणकामाचा माग सोडून आमच्याकडे आलेला, मशीनच्या आत उतरून चिकटलेली वाळू खरवडत होता. ते मला ठाऊक नव्हतं. मी घंटा दिली. "होय" झालं, अगदी एका सुरात. मिस्त्री घुटमळले. पाहुण्यांसमोर खोळंबा नको म्हणून बटण मी दाबलं.

पुढचं सांगत नाही. चौकशीच्या कागदावर मी लिहिलं, "प्रशिक्षण देऊनही कामगाराने निष्काळजीपणा केला."

आण्णाप्पाच्या पत्नी तानीबाई आपल्या कँटीनमध्ये आहेत. नऊ वर्षं त्यांच्या हातचा चहा मी खाली मान घालून प्यालो. मी निवृत्त होणार हे कळल्यावर गेल्या महिन्यात त्यांनी कप ठेवता ठेवता विचारलं, "साहेब, घंटा झाली तवा त्यांनी बी आतनं 'व्हय'च म्हटलं असंल न्हवं? तुमी शिकिवल्यालं ते कदी मोडत न्हवते."

मित्रहो, हाळी असती तर तो म्हणाला असता, "मशिनीत हाय!" मी त्याला फक्त "होय" म्हणायला शिकवलं होतं. त्या आवाजात त्याचा आवाज कोणता, हे मी रोज शोधतो. सापडत नाही.

अध्यक्षसाहेब, हे पत्र घ्या. निष्काळजीपणा आण्णाप्पाचा नव्हता, माझा होता, असं यात माझ्या सहीनं लिहिलं आहे. जुना कागद रद्द करा, आणि उद्या सकाळपासून हाळी पुन्हा सुरू करा. मला दुसरा निरोप नको.

आपण सर्वांनी एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात कुठं उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. ती चूक मात्र पोटात घालू नका.

मिस्त्री, उठा. इथंच एकदा हाळी घाला. आण्णाप्पाचंही नाव घ्या, आणि घेतल्यावर जरा थांबा. त्या दिवशी मी थांबलो नव्हतो.