पगडी पुढे बसली

परळच्या मैदानात गिरणीकामगारांची सभा होती, आठवड्याला एक दिवस सुट्टी हवी म्हणून. मी गिरगावातला पगडीवाला मास्तर. गिरणी आतून कधी पाहिली नव्हती, पण मागणी पटली होती, म्हणून कडेला झाडाखाली उभा होतो. तेवढ्यात गिरणीत सूत गुंडाळणारी एक मालवणी बाई थेट माझ्यापाशी आली.

"दादा, तुमी आमच्या बाजूचे ना?"

"अर्थात."

"मगे फुडे बसा. पगडी फुडे दिसली की पोलिसांचो साहेब गर्दीत घोडो घालूचो नाय."

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी बसलो. बसतो न बसतो तोच गोरा साहेब शिपाई घेऊन हजर. घोडा इतका जवळ आणला की त्याचा फेस माझ्या उपरण्यावर पडला.

"तुम इधर क्या करता है?" साहेबाने छडी माझ्यावर रोखली.

माझी नोकरी सरकारी शाळेतली.

"देखने आया, साहेब." एवढंच निघालं.

वाटलं, आता ही बाई माझ्या तोंडावर थुंकणार. तोवर छडी तिच्याकडे वळली.

"मी पण बघूकच इलंय," ती म्हणाली.

"मी पण," तिच्या पलीकडचा म्हणाला. मग त्याच्या मागचा. बघता बघता सबंध मैदान नुसतं बघायला आलेलं निघालं. धरायचं कुणाला, हे साहेबाला कळेना. शेवटी त्याने घोडा वळवला.

मी उपरणं झटकत उठलो, तर बाई म्हणाली, "दादा, फुडल्या सभेक पण या बघूक. ही जागा आता तुमचीच."