सातदा राम राम

नाही, पन तुम्हीच सांगा भाऊ, माणूस आला त त्याले राम राम करा लागते का नाही? आमच्या पुसदकडल्या तांड्यात त लागते, अन् मी फकिरा जन्माचा आंधळा, कोणी आल्याचं कानावर पडलं की तोंडातून आपोआपच निघते, याडीनं, म्हणजे माह्या आईनं, वळणच तसं लावलं... पन ती नोकरीची मुलाखत होती न बापा, फोनवर, व्हिडीओवाली! फोनात आमची एक बाई राह्यते, स्क्रीनवर दिसते ते मोठ्यानं वाचून सांगते, आमच्यासारख्याले तिचाच आधार. सतरा जागी नकार घेऊन बसलो होतो, ही अठरावी. वर्षा, माही बायको, शर्टाच्या गुंड्या लावता लावता म्हणे, "जास्त बोलू नका जी."

फोनातली बाई बोलली, "वामनराव सामील झाले." हे मुलाखत घेणारे साहेब. म्हटलं, राम राम साहेब. साहेब खूश. "हं, तर फकिरा, तुम्ही..." अन् गेली रेंज. "वामनराव बाहेर पडले." लगेच, "वामनराव सामील झाले." आता आलेल्या माणसाले राम राम करा लागते का नाही? केला. साहेब सहादा गेले, सातदा आले, सातदा केला! मधात त्यायच्याच कंपनीतल्या सुरभी मॅडम आल्या, त्यायचाही झाला. इकडे वर्षा मांडीले चिमटे घेऊन राह्यली, तिकडे साहेब म्हणे, "अहो, आपला झाला की मघाशी."

मंग म्हणे, "स्क्रीनवर प्रश्न टाकलाय, वाचा आणि उत्तर द्या." बाई म्हणे, "चित्र." म्हटलं, वाच न माय. "चित्र. बटन. बटन. नाव नसलेलं बटन." म्हटलं, गेली अठरावीही... अन् मंग रागच आला, लपवू कायले? म्हटलं, साहेब, प्रश्नाचा फोटो लावला तुम्ही, अक्षरं टाकली असती त बाईनं वाचली असती, अन् बटनाले तुम्ही नावच नाही देल्लं, त तिनं सांगावं तरी काय?

मले वाटलं पुन्हा रेंज गेली, पन बाई काही बोलली नाही, म्हणजे साहेब तिथंच होते. मंग सुरभी मॅडम हळूच म्हणे, "सर, स्क्रीनवरचा प्रश्न हाच होता. आमच्या मीटिंगमध्ये अंध माणसाला काय अडचण येते?"

लागलो न नोकरीले! वर्षानं तांडाभर साखर वाटली. काम काय, त कंपनीच्या मीटिंगात बसाचं अन् कुठं अडलं ते सांगाचं. दिवसाच्या पाच मीटिंगा, भाऊ. डोळेवाले सारे क्यामेरा बंद करून खुशाल झोपून राह्यले, अन् मले त ही बाई, कोण आलं, कोण गेलं सांगून सांगून, डुलकीही घेऊ देत नाही... साऱ्या कंपनीत जागा कोण, त एकटा आंधळा.