सहाशे नगांची ऑर्डर

...आणि दर वेळी तेच! अहो, दर वेळी तेच वाक्य! तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं झाली मला लढाऊ विमानांच्या कारखान्यात, निर्यात विभागात. अकरा वर्षांत नऊ देशांची माणसं आली, बसली, जेवली, विमानाच्या नाकावरून हात फिरवून फोटो काढून घेतले, आणि जाताना प्रत्येकाने माझा हात हातात घेऊन काय सांगावं? "विमान उत्तम आहे हो, पण..."

या 'पण'नं माझे केस गेले. हसू नका, खरंच गेले, लग्नातला फोटो आणून दाखवीन!

निर्यात विभाग म्हटलं की तुम्हाला वाटेल काचेची दारं, गुळगुळीत फरशी... छे! जिन्याखालची खोली, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. विभागप्रमुख मी, विभाग मी, चहा सांगणारा मी आणि आणणाराही मीच. पण विमान म्हणाल ना, तर देवाशपथ सांगतो, देखणं! बहुउद्देशीय लढाऊ विमान! हवेतल्या हवेत लढतं, वरून जमिनीवर मारा करतं, समुद्रावर टेहळणी करतं, अंधारात बघतं, पावसात उतरतं. सगळी कामं येतात त्याला. फक्त खपणं तेवढं जमत नाही.

का नाही जमत? ऐका. एक देश म्हणाला, "विमान उत्तम आहे हो, पण इंजिन दुसरं बसवून द्या." दुसरा म्हणाला, "पण अर्धा कारखाना आमच्याकडे हलवा." तिसऱ्यानं तर कमाल केली. "विमान उत्तम आहे हो, पण पैशाच्या जागी साबण घ्याल का?" साबण! बारा विमानांच्या बदल्यात साबण घेतला असता ना, तर अख्खा कारखाना पुढची सत्तर वर्षं नुसता आंघोळ करत बसला असता. आणि शेवटी सगळे विचारणार काय, तर "तुमच्या स्वतःच्या हवाई दलात ही किती आहेत?" आता काय सांगू? आमच्या हवाई दलाकडे जावं, तर तिथले साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणणार, "विमान उत्तम आहे हो, पण आधी बाहेरच्या कोणीतरी घेऊ दे, मग आपण बघू." म्हणजे नोकरी लागल्याशिवाय मुलगी नाही आणि लग्न झाल्याशिवाय नोकरी नाही, मधल्या मध्ये नवरामुलगा म्हातारा!

बरं, घरी तरी शांतता असावी? आमचे सासरेबुवा. जन्मभर लोखंडी कपाटं विकली त्यांनी. जेवायला बसलो, पहिला घास तोंडाशी नेला, की खाकरणार, "काय जावईबापू, खपलं का एखादं?" मी म्हणतो, "बाबा, विमान आहे ते." "असेना. मी चाळीस वर्षांत चार हजार कपाटं खपवली. गिऱ्हाईक ओळखता आलं पाहिजे." आणि आमची ही, तिच्या बापाची लेक, माझ्याकडे न बघता आमटी वाढणार. ते न बघणं तर जास्तच लागतं हो!

तर गेल्या वर्षी काय झालं, वरून पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत निर्यातीची एक तरी ऑर्डर दाखवा, नाहीतर जोडणी विभागाला कुलूप. तीनशे बारा माणसं आहेत तिथे. त्यांना उचलून लांबच्या शहरात पंपाच्या कारखान्यात टाकणार. आमच्या फोरमनदादांना निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तीस वर्षं विमानं जोडण्यात गेली, आता त्यांनी पंप जोडायचे? ते नुसता हातातला पाना पुसत बसले. बराच वेळ तोच पाना.

आणि त्यात आलं दहावं शिष्टमंडळ! प्रमुख कोण, तर त्यांच्या हवाई दलाचे निवृत्त मार्शल. धिप्पाड, पांढऱ्या मिशा आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चार दिवस आम्ही कारखाना धुतोय, पुसतोय, रंगवतोय. आता आमच्याकडे नियम काय, तर प्रत्येक वस्तूला नंबराची पितळी पाटी पाहिजे. स्टोअर सांभाळणाऱ्या बाई आहेत ना, त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "नंबर नाही, तर वस्तू नाही." पाहुणे फाटकाशी आलेत आणि बाई विमानाशी उभ्या.

"हे काय आहे?"

"शिडी," फोरमनदादा म्हणाले.

"नंबर?"

"नाही. मीच आपली केलीय. भंगारातल्या नळ्या होत्या, त्यातून."

झालं असं होतं, की दादांचेही गुडघे दुखतात. कारखान्याची ठरलेली शिडी सरळसोट, पायऱ्या बोटभर रुंद. मग यांनी आपली स्वतःपुरती बनवली. रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, वर टेकून दम खायला छोटीशी फळी, खाली रबरी पाय, आणि काम झालं की घडी करून भिंतीला उभी! पण ना तिचा नकाशा, ना मंजुरी. बाई म्हणाल्या, "मग ही नाहीच आहे." अहो, समोर दिसतेय! नवी पाटी करायला वेळ कुठला? बाईंनी शेवटी विमानाच्या नंबराचीच जादा पाटी काढली आणि दिली शिडीला अडकवून. "विमानाचीच शिडी ना? मग विमानाचाच नंबर." विषय संपला!

विमान काय उडालं त्या दिवशी! उलटं झालं, सुलटं झालं, सरळ वर गेलं, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मार्शलसाहेब म्हणाले, आत बसून बघायचंय. चढले. वरच्या फळीवर उभे राहिले, चार श्वास घेतले, खाली उतरले. पुन्हा चढले. पुन्हा उतरले. तीनदा! मी आपला खालून रडारबद्दल ओरडून सांगतोय आणि मनात म्हणतोय, आहाहा, काय जीव जडलाय बघा विमानावर! जाताना माझा हात धरला आणि म्हणाले, "विमान उत्तम आहे हो..."

आणि थांबले. मी 'पण'ची वाट बघतोय. 'पण' येईना! हात सोडला, मागे वळून एकदा डोळे भरून पाहिलं आणि गाडीत बसून गेलेसुद्धा. अकरा वर्षांत पहिल्यांदा 'पण' आला नाही हो! मी तिथेच चिखलात बसलो.

वर्ष संपायला तीन दिवस असताना मार्शलसाहेबांकडून पत्र आलं. आमच्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी वाचलं आणि खुर्ची पकडली. वस्तूचं नाव नाही, नुसता नंबर, तो आपल्या विमानाचा. संख्या... सहाशे नग! सहाशे! तुम्हाला सांगतो, जगात इतकी विमानं एका दमात घेतो कोण? पण तेव्हा विचार कोणाला सुचतोय! साहेबांनी मला मिठी मारली. ज्या साहेबांनी अकरा वर्षांत माझ्या नमस्काराला मान हलवली नाही, त्यांनी मिठी मारली! मी घरी फोन लावला, सासरेबुवांनीच उचलला. "बाबा, खपली! सहाशे!" पलीकडून हळूच, "जावईबापू... उधारीवर नाही ना दिलीत?"

मग जोडणी विभागात सगळ्यांसमोर साहेबांनी पत्राचं दुसरं पान उघडलं. अटी. पहिली अट, "रंग पिवळा असावा." साहेब म्हणाले, "पिवळा? लढाऊ विमान? असू दे, गिऱ्हाईक राजा आहे!" दुसरी, "घडी करून भिंतीला उभं करता आलं पाहिजे." साहेबांनी ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "पंखांची घडी. जहाजावर ठेवायची असतील. हुशार माणसं!" तिसरी, "खालचे रबरी पाय घसरता कामा नयेत." "चाकांबद्दल बोलतायत." चौथी, "दोन माणसांना उचलता आलं पाहिजे."

आता मात्र साहेबांनी पान उलटं करून पाहिलं. मागून फोरमनदादा हळूच म्हणाले, "साहेब... ही माझी शिडी आहे."

मागाहून कळलं, मार्शलसाहेबांच्या हवाई दलात दुसऱ्याच कुठल्या देशाची विमानं आहेत, आणि त्या विमानांच्या शिडीवरून ते भर संचलनात, अख्ख्या हवाई दलासमोर, पाठीवर आपटले होते; तेव्हापासून धड शिडीच्या शोधात होते. ते आमच्याकडे विमान बघायला आलेच नव्हते हो, उतरायला आले होते! आणि आमच्या बाईंच्या पाटीवरून नंबर उतरवून घेऊन गेले.

मला तर डोळ्यांसमोर पंपच दिसायला लागले. पण दादांना हसू फुटलं. पोट धरून! ते हसले म्हणून मी हसलो, मग तीनशे बारा माणसं हसायला लागली, बाईसुद्धा! साहेब तेवढे गंभीर. वरून आलेलं पत्र काढलं, चष्मा लावला. "'निर्यातीची एक तरी ऑर्डर'. कशाची, ते लिहिलंय का कुठे?" सगळ्यांनी वाचलं. नाही लिहिलं. "मग झाली निर्यात!" काय आरडाओरडा झाला सांगू, छपराचे पत्रे हलले! कुलूप टळलं, पंप टळले. दादांना कारखान्यानं हात जोडून दोन वर्षं वाढवून दिली, कारण शिडीचा नकाशा अजूनही फक्त त्यांच्या डोक्यात आहे. मी त्या दिवशी घरी पळतच गेलो. ही दारातच उभी होती, हसत. शिडी काय, विमान काय, तिला काही फरक पडत नव्हता. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आता निर्यात विभागाला वरच्या मजल्यावर खोली आहे. खिडकीसकट. आणि काल नवीन शिष्टमंडळ आलं, खास शिडी बघायला. आता शिडी टेकवायला काहीतरी पाहिजे, म्हणून मागे विमान उभं केलेलं. चढले, उतरले, कठडा हलवून पाहिला, घडी करून पाहिली, खूश! हजार नग म्हणाले, जागच्या जागी. आणि मग त्यांच्या प्रमुखाचं लक्ष गेलं मागे. विमानाभोवती एक चक्कर मारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "हजार शिड्या घेतोय... त्यावर हे एक फुकट द्याल का?"

मी म्हटलं, वर विचारून सांगतो. आज सकाळी वरून उत्तर आलं. "हजारावर फुकट देता येणार नाही. दोन हजार घेतात का विचारा."