झोपलेल्या डायनोसॉरचा श्वास

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या शिंपीकाकांच्या पुढच्या बाकावर दोघं भावंडं कुजबुजत होती.

"दादा, जन्मभर डायनोसॉरांवर माहितीपट काढलेस. पण या नव्यातला झोपलेला डायनोसॉर श्वास घेतो ना, अंगावर काटाच येतो."

"अगं, तिथे मी श्वास घातलेलाच नाही."

"मग काय घातलंस?"

"शांतता. रिकाम्या खोलीची शांतताही आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो, दृश्यामागे वापरायला. ही आईच्या खोलीतली."

"कधीची?"

"तिला स्मशानात नेल्यानंतरची."

"पण श्वास तर तुलाही ऐकू येतो!"

"म्हणून तर कान तपासून घेतले."

नर्सबाई बाहेर आल्या.

"घ्या रिपोर्ट. दोघांचेही कान ठणठणीत आहेत."

"...दादा, त्या खोलीला तू बाहेरून कुलूप घातलंयस ना रे?"